भाच्याचा अंगठा

सुगंधाशी माझं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. त्या भांडणात शेवटी मी बरोबर निघाले, याचा मला काडीचा आनंद नाही.

बोरीवलीला आम्ही एकाच मजल्यावर राहतो. मी वकिलाच्या ऑफिसात तीस वर्षं टायपिंग केलं, तिनं साकीनाक्याच्या कारखान्यात सव्वीस वर्षं प्लॅस्टिकची झाकणं खोक्यांत भरली. नवरा काशीराम गेल्यावर हाती आलं ते सगळं तिनं दहिसरच्या एका वन रूम किचनमध्ये घातलं. आधी भाडं खायचं आणि हातपाय थकले की तिथंच जाऊन राहायचं, असा तिचा बेत. घर घेताना कुणाच्या शब्दावर गेली नाही. स्टेशनपासून चालत किती मिनिटं, पाणी किती वाजता येतं, मेंटेनन्स किती, सगळं स्वतः विचारून आली. खरेदीचा एकेक कागद माझ्याकडून वाचून घेतला. इतकी पक्की बाई.

आणि भाडेकरू कोण ठेवला, तर भावाचा मुलगा, सुबोध.

"अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट कर," मी म्हटलं. "एजंट मशीन घेऊन घरी येतो, दोघांचे अंगठे घेतो, झालं रजिस्टर. पोलिसांत माहिती दे. अधूनमधून जाऊन घर बघून ये."

"भाच्याचो अंगठो घेव मी?" ती भडकलीच. "सावकार आसंय काय?"

तिच्या गावी अंगठा मागायचा म्हणजे समोरच्याला तोंडावर चोर म्हणायचं. घर बघायला जाणं तर त्याहून वाईट, झडती घेतल्यासारखं. मी आठ दिवस तिच्याशी बोलले नाही.

तीन वर्षं सुबोध दर महिन्याला भाडं स्वतः आणून द्यायचा, बाजारभावाच्या निम्मं. येताना गावचं खाजं, कधी कोकमं. आल्या आल्या पाया पडायचा. ती माझ्याकडे बघून भुवई उडवायची.

यंदा नातीची दहावी आली. सुगंधा राहते ते सर्वेशचं, म्हणजे तिच्या मुलाचं, घर एका खोलीचं. पोरगी अभ्यासाला बसणार कुठं? आता आपण आपल्या घरी जायचं, असं सुगंधानं ठरवलं आणि मार्चमध्ये सुबोधला तसं सांगितलं. "होय गो आते, मे म्हयन्यात खाली करतंय," तो म्हणाला. मे गेला, जून गेला. जुलैतल्या एका मंगळवारी ती खाटेसाठी माप घ्यायला टेप घेऊन एकटीच दहिसरला गेली.

दार एका अनोळखी बाईनं उघडलं. "आपण कोण?"

"मी सुबोधची आते." मालकीण आहे म्हणायचं तिला सुचलं नाही, की भाच्याची अब्रू आधी आठवली, कोण जाणे.

"मालकांच्या आत्या? या ना, बसा."

बाईनं चहा केला. स्वतःच्या घरात सुगंधानं तो पाहुणीसारखा प्यायला. उत्तरा नाव त्या बाईचं, शाळेत शिकवते, तिची काही चूक नाही. सुबोध दोन वर्षांपूर्वीच विरारला राहायला गेला होता. विचारल्यावर उत्तरानं कागदही दाखवले. रजिस्टर केलेलं अ‍ॅग्रीमेंट, पोलिसांत दिलेल्या माहितीची पावती, मालकाच्या जागी सुबोधचा फोटो आणि सुबोधचा अंगठा. दुसऱ्याच्या घराचं अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झालंच कसं, हे त्या एजंटला विचारा. परक्या बाईला घर देताना या पोरानं एक कागद सोडला नव्हता.

जिन्यातूनच सुगंधानं सुबोधला फोन लावला. तो म्हणाला, "आते, तेंचे अजून सात म्हयने आसत. मधीच काडूक येवचा नाय. कायदो आसा."

तिला कायदा शिकवला त्यानं. समोर असता तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. रडली नाही. मी कॉम्प्युटर उघडून पोलिसांकडे द्यायची तक्रार टाइप करायला घेतली. 'माझा भाचा सुबोध याने' इथपर्यंत आले आणि तिनं माझा हात धरला. मला वाटलं, आता म्हणणार, राहू दे.

"भाचो खोड," ती म्हणाली. "पेपरात लिवतत तसा लिव. इसम."