सातचा चहा

रोज सकाळी सात वाजता मी माझ्या एक्याण्णव वर्षांच्या आईला चहा करून देतो, ही थाप मी इतकी वर्षं मारली की सोसायटीने पूजेच्या दिवशी माईकवरून नाव पुकारून मला शाल दिली. मी ती घेतलीसुद्धा. वर 'कर्तव्यच आहे माझं' असंही पुटपुटलो. प्रत्यक्षात चहा आई करायची. माझा झाकून ठेवायची. साठी ओलांडलेला मी सावकाश उठून, साय धरलेला तो चहा कुरकुरत प्यायचो.

त्या रविवारी बायको पुण्याला मुलीकडे गेलेली, म्हणजे मला हलवायला कोणी नाही. पावणेदहाला बाहेर आलो तर आई खुर्चीत कललेली, तोंड एका बाजूला ओघळलेलं. बोलायला गेली तर घशातून नुसता आवाज. एखाद्या शहाण्या माणसाने काय केलं असतं ते केलं असतं. मी ठरवलं की कवळी सरकली, आणि ती बसवायला लागलो. तिने मला चापट मारली. डाव्या हाताने. आई आयुष्यात कधी डाव्या हाताने मारत नाही, तेव्हा कुठे उजवा हात लोंबतोय हे या दिवट्याच्या लक्षात आलं.

शेजाऱ्यांनी तिला खुर्चीसकट खाली उतरवलं. सव्वादहाला आम्ही हॉस्पिटलात होतो. तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "आजींना शेवटचं धडधाकट कधी पाहिलंत?"

"सात वाजता. चहा दिला ना." सवयीने तोंडातून गेलं.

आईला स्कॅनला नेऊन आणलं. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. ती विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण धडधाकट असल्याच्या शेवटच्या खात्रीच्या वेळेपासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, असं बाईंनी सांगितलं.

"अहो, पण या वयात कशाला आता..." मी म्हणालो. जुना मिक्सर दुरुस्तीला टाकावा की नाही, अशा सुरात.

"वय मी केसपेपरवर वाचलंय, काका. मी वेळ विचारतेय. तुमच्या सातवर मी सुई टोचणार आहे. वेळ चुकली तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, आणि या वयात तो धोका आधीच जास्त. सात नक्की?"

आई स्ट्रेचरवरून माझ्याकडे बघत होती. तिला किती कळत होतं, देव जाणे.

"सातला मी झोपलेलो," मी म्हणालो. "काल रात्री नऊला पाहिली तिला."

भाजीत केस निघावा तसं बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मग काल रात्रीपासून मोजावं लागेल. इंजेक्शन नाही देता येणार."

म्हणजे बघा, आयुष्यात एकदा खरं बोललो, तर त्यातही आईच बुडत होती.

तेवढ्यात ठाण्याहून, कोपरीतून ताई पोचली. सगळं ऐकून तिने कपाळाला हात लावला. "अरे, सकाळी ग्रुपवर आईचा मेसेज आला होता की. ऐकला नाहीस?"

नव्हता ऐकला. कुटुंबाचा ग्रुप मी कधीच म्यूट केलेला. शुभ सकाळचे गुलाब आणि आईची कीर्तनं ऐकायला मला कुठे वेळ. मला झोपायचं असतं. ताईने मेसेज काढला. नऊ वाजून दहा मिनिटांचा.

"मोठ्याने लावा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आईचा खणखणीत आवाज त्या खोलीत घुमला. "शुभ सकाळ सगळ्यांना. आमचे चिरंजीव अजून लोळतायत. चहा मी केला, त्याचाही झाकून ठेवलाय. आता उठेल आणि गार झाला म्हणून मलाच बोलेल. याला म्हणे शाल दिली. माझ्या गुडघ्यावर घ्यायला बरी आहे."

सिस्टर पाठमोऱ्या झाल्या. त्यांचे खांदे हलत होते.

"परत लावा," बाई म्हणाल्या. शब्द कुठे अडखळतात का, ते त्यांना ऐकायचं होतं. कुठेच अडखळत नव्हते. 'लोळतायत' तर दोन्ही वेळा अगदी स्वच्छ. मग त्यांनी घड्याळ बघितलं, ताईला धोके समजावले आणि सहीला कागद तिच्यापुढे धरला. माझ्यापुढे नाही.

साडेअकराच्या आत इंजेक्शन सुरू झालं. ते दोन दिवस कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. मी बाकावर बसून होतो, बाकी काही येत नाही. तिसऱ्या दिवशी आई हळूहळू बोलायला लागली. हाताला वेळ लागला, अजूनही लागतोय. बटण लागत नाही म्हणून चिडून उजव्या हाताची तर्जनी पहिल्यांदा उगारली ती माझ्यावरच, शिवीसकट.

आता सातला मी चहा देतो. खरंच देतो. सोसायटीत कोणाचा विश्वास बसत नाही. पण ताईचा हुकूम आहे, पुन्हा काही झालं तर वेळेचा पुरावा हवा. त्यामुळे एक घोट घेऊन आई रोज फोन तोंडाशी धरते आणि एकेक शब्द जुळवत ग्रुपवर कळवते, "सात वाजले. चहा आला. पांचट."