शेजारणीची चावी

लोधिवलीकरांनो, आज माझीच मला लाज वाटतेय.

शेजारची रेहाना कामाला जाताना घराची चावी माझ्याकडं ठेवते. दुपारी दोन पोलीस आले. "आजी, हे घर उघडा, झडती घ्यायचीय." एरवी मी सरपंचालाही सोडत नाय, पण खाकी बघून मुकाट्यानं कुलूप काढलं. कोर्टाचा कागद हाय का, एवढं पण इचारलं नाय. त्यांनी कपाट उपसलं, काय सापडलं नाय, गेले.

संध्याकाळी रेहानाला म्हटलं, "पोलीस होते गं, मी काय करणार?"

विस्कटलेले कपडे उचलत ती म्हणाली, "चोर आला असता तर तुम्ही ओरडला असतात ना, काकी?" आणि चावी मागून घेतली.

माझं घर असतं तर मी उंबऱ्यात आडवी बसले असते. तिचं होतं म्हणून उघडलं.

तुमी काय केलं असतं? खरं सांगा.