घाला चपला, मी उभी हाय

"घाला चपला, मी उभी हाय."

रविवारी सकाळी दारात हे वाक्य आलं की सुटका नाही, हे आमच्या आळीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. मावशी आत येत नसत, बसत नसत, चहा घेत नसत. पदर खोचून उंबऱ्याबाहेर उभ्या राहत. अंगात कणकण आहे म्हणा, पाहुणे यायचेत म्हणा, त्या मान डोलवत आणि तिथंच उभ्या. उभ्या माणसासमोर बसून किती वेळ खोटं बोलणार? शेवटी आपण मुकाट्यानं चपला शोधायला लागायचो.

तुमच्याही वस्तीत असं एखादं माणूस असेल. नसेल तर रविवारी तुमची झोप तरी नीट होत असेल.

मुरुडच्या अलीकडचं, समुद्राला चिकटलेलं आमचं गाव. त्यात आम्हा ख्रिस्ती लोकांची मोजकी घरं. आमचं देऊळ, म्हणजे चर्च, जांभ्या दगडाचं, आजोबांच्या वेळचं, अजून भक्कम. येणारेजाणारे भिंतींचं कौतुक करतात. पाळकसाहेब अलिबागहून मोटारसायकलवर येतात आणि उपासना आटोपली की पुढच्या गावाला जातात. घरोघर जाऊन माणसं उपासनेला आणण्यापासून उरलेला सगळा भार मावशींवर. त्या कमिटीत नव्हत्या. गळाही असा की गीत सुरू झालं की शेजारची बाई जरा सरकून बसे. वार्षिक अहवालात त्यांचं नाव कधी आलं नाही.

त्यांच्या दारामागे खिळ्याला एक निळी रेक्झिनची पिशवी टांगलेली असे, भरलेली. एकुलती एक मुलगी नालासोपाऱ्याला. ती बोलवून बोलवून थकली होती. "पाऊस सरला की जाते," मावशी म्हणत. पाऊस सरला की, "नाताळ झाला की जाते." मुलीच्या बाळंतपणाला निघायचं ठरलं, तेव्हा नेमकं ते मोठं वादळ झालं. नातीला त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती चालत होती.

वादळात आमच्याकडच्या दोन सख्ख्या भावांमधल्या थोरल्याचा माड धाकट्याच्या पडवीवर पडला. धाकटा तक्रार घेऊन गेला, तर थोरला म्हणाला, "वादळाला विचार." झालं. त्या दिवसापासून बोलणं बंद. देवळात थोरला डाव्या बाकावर बसे, धाकटा उजव्या. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या रविवारी तर थोरला घरातून हलेचना. "मनात अढी आहे मावशी. अशानं प्रभुभोजन घेऊ नये."

"घरात ठिवली तर सडंल ती. घिऊन या, थितं ठिवू. घाला चपला."

तो आला. तोंड पाडून आला, पण आला. मग धाकट्याला आणायला त्या पुन्हा मागे फिरल्या.

एका बैठकीत मावशींनी विचारलं, "मी लेकीकडं जाते म्हंते. घरोघर कोण जाईल?" सगळे पंख्याकडे बघू लागले. मीही बघितलं. पाळकसाहेब म्हणाले, "मावशी, तुमच्यासारखं दुसरं कोण आहे?" मग एकेकजण उठून त्यांचे गुण सांगू लागला. आम्ही त्यांचं इतकं कौतुक केलं की बिचारीला जाताच येईना.

त्या दिवशी परतताना त्या माझ्याबरोबर होत्या. एकदम म्हणाल्या, "भाऊ, मला कटाळा आलाय. कदी कदी वाटतं, येवू देत न्हायतर ऱ्हाऊ देत घरी."

"मग जा की."

"एक बसला की दुसरा म्हनतो, आपनच कशाला. मग दार उघडून बसनार कोन, पाळक आनि पाली?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. पदरानं डोळे पुसले आणि वळणावरच्या घरी एक म्हातारी आजारी होती, तिला पेज द्यायला गेल्या. मला त्यांची फार दया आली. मदत करावी असं मात्र सुचलं नाही. मी एस.टी.तला निवृत्त कंडक्टर. जन्मभर लोकांना पुढे सरका म्हणत आलो, आता मला सरकायचं नव्हतं. शिवाय दिवाळीनंतर मी कायमचा पुण्याला मुलाकडे जाणार होतो.

शेवटी मुलगीच आली. तिनं काही विचारलं नाही. खिळ्यावरची पिशवी काढली आणि आईला रिक्षात बसवलं. रेवसहून लाँचनं भाऊचा धक्का, तिथून पुढे. रिक्षा माझ्या दारावरून गेली तेव्हा मावशींनी डोकं बाहेर काढलं. "भाऊ, आयतवारी..." एवढंच ऐकू आलं.

त्या रविवारी मी अंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि खुर्चीत बसलो. घंटा झाली. मी बसूनच. मावशी गेल्यात हे मला ठाऊक होतं, तरी कान दाराकडे. खिडकीतून पाहिलं, तर समोर ओटीवर थोरला, त्याची बायको, पोरं, सगळे नटूनथटून बसलेले. पलीकडे धाकट्याचंही घर तसंच. पवित्र शास्त्र मांडीवर, डोळे रस्त्यावर. सगळी आळी तयार होती आणि कोणीही उठत नव्हतं.

मला हसू आलं. मग भीती वाटली. घंटा थांबली होती.

मी उठलो. थोरल्याच्या दारात गेलो.

"या, बसा," तो म्हणाला.

बसलो असतो तर बरं झालं असतं. "चपला घाला," मी म्हटलं. "मी उभा आहे."

त्यानं माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि चपला घातल्या. मग मी धाकट्याकडे गेलो.

दुपारी मावशींचा फोन आला. मागे नातीचा आवाज येत होता. "भाऊ, आलेली का समदी?"

"आली."

"दोगं भाऊ?"

"दोघंही."

त्यांनी नातीला जरा थांब म्हटलं. मग अगदी हळू, परवानगी मागावी तसं म्हणाल्या, "मग मी ऱ्हाऊ का हितं?"

दाराशी माझ्या चपला पडल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"राहा, मावशी," मी म्हटलं.

संध्याकाळी पुण्याहून मुलाचा फोन आला. खोली रंगवून ठेवली आहे, दिवाळी झाली की निघा म्हणाला.

"नाताळ झाला की येतो," मी म्हटलं.