सिमेंटची भिंत

सबीनाने आयुष्यात किती दगड रचले त्याला गणती नाही. समुद्राकाठच्या या गावात माती कमी आणि दगड उदंड. शेताला फाटक नसतंच. गाय न्यायची तर भिंतीचे चार दगड काढायचे, गाय पलीकडे घालायची आणि दगड होते तसे परत रचायचे. खिंडार उघडं टाकणाऱ्याला इथे कोणी दारात उभं करत नाही. पन्नास वर्षं ती आणि तिचा नवरा फेस्टी हेच करत आले.

सोमवारी फेस्टी गेला. दोनदा बजावून गेला होता, "मला गाडीत घालू नकोस. बापाला नेलं त्या वाटेने ने." म्हणजे मागच्या दाराने, तीन शेतांतून, समुद्राच्या कडेने दफनभूमीत.

आणि मधल्याच भिंतीला पुतण्याने सिमेंट फासलेलं.

हा कोलमन बॉस्टनहून परतला, पाहुण्यांसाठी बंगले बांधले, आणि म्हणे मेंढ्या आत येतात. फटींतून वारा निघून जातो म्हणून भिंत उभी राहते, एवढं इथलं शेंबडं पोरही जाणतं. यानेच फटी बुजवाव्यात? सबीनाचं डोकं फिरलं ते काही उगीच नाही.

"काकू, रस्त्याने नेऊ. गाडी मी सांगतो," सुतकाच्या घरात चहाचा कप धरून तो म्हणाला.

"चहा पी आणि गप बस. काका तुझ्या गाडीला भीक घालत नव्हता."

"त्या भिंतीवर किती मेहनत केलीय मी."

"मेहनत कुणाला सांगतोस? ती भिंत मी रचलीय."

बुधवारी पेटी खांद्यावर घेतलेले सहाजण भिंतीपाशी थांबले. पाद्री नुसता घसा खाकरत राहिला. सबीनाने सकाळीच तिथे आणून ठेवलेला घण उचलला. शहात्तर वर्षांची बाई, पण पाचव्या घावाला सिमेंट फुटलं आणि आठव्याला दगड ढासळले. तिला रडू आलं ते रागाने. फेस्टी पलीकडे गेला.

मागून येणारे सवयीने दगड उचलायला वाकले. कोलमनही वाकला, मान खाली घालून.

"ठेव तो खाली," सबीना म्हणाली.

"काकू, खिंडार उघडं कसं टाकायचं?"

"मी जायचीय अजून याच वाटेने. मला नेलंत की मग रच. सिमेंटाशिवाय."