छप्पन्न की चौसष्ट

देवबागेत येऊन वर्ष होत आलं, तरी मला एका जागी स्वस्थ बसता येत नाही. फोन वाजला की दचकून उठतो. बराच वेळ वाजला नाही तर वाटतं, एखादी लाईन तर पडली नाही ना. घर माझं परभणीकडं. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो इथंच, खांद्यावर तांब्याच्या तारेचं वेटोळं घेऊन. शाळा आठवीतच सुटलेली. तरीही कणकवलीच्या साहेबांनी माझ्या हाती मीटर दिलं आणि या किनाऱ्यावरच्या टेलिफोनच्या जुन्या लाईनी सोपवल्या. ते उपकार मनात सारखे जागे असतात, आणि भीतीही त्यांच्यामुळंच. ज्यानं विश्वास टाकला त्याच्यापुढं चुकणं फार जड जातं.

मच्छीमार सोसायटीची लाईन त्यातलीच एक. होडीला डिझेल द्यायच्या आधी तिचा नंबर या लाईनीवरून तालुक्याला जातो, तिकडून होकार आला की पंप सुरू होतो. मोबाईलचं नेट या टोकाला कधी असतं, कधी नसतं, म्हणून तांब्याची तार अजून टिकून आहे. तर यंदा पावसाळा सरता सरता खाऱ्या हवेनं तिथला मोडेम खाल्ला. उघडला तर आत हिरवा गंज. नवा बसवला, पण नव्याला वेग सांगावा लागतो, आणि तो पलीकडच्या, तालुक्याच्या टोकाशी बरोबर जुळला नाही तर लाईन उठतच नाही. जुन्यावर लिहिलेला आकडा पार पुसून गेलेला.

साहेबांना फोन केला. ते गोव्याच्या हद्दीवर कामात होते.

"पलीकडचा वेग मला इथून दिसत नाही. तूच काढ आणि सांग. लाईनींचा कंत्राटदार आधीच मागं लागलाय, तुझ्या जागी शिकलेला माणूस ठेवा म्हणून. जपून कर."

सोसायटीतल्या ताई रोज संध्याकाळी हिशेबाची फाईल पाठवायच्या, तेव्हा पडद्यावर दिसणारा वेग मी पाहिला होता. सेकंदाला सात किलोबाइट. लाईनीचा वेग मात्र किलोबिटमध्ये धरतात, आणि आठ बिटांचा एक बाइट. सात आठे छप्पन्न. मोडेमच्या यादीत छप्पन्न होतंच! लई बरं वाटलं. छप्पन्न लावलं आणि लगेच साहेबांना कळवूनही टाकलं.

मोडेमचा लाल दिवा लालच राहिला.

पंपापाशी होड्यांचे मालक जमू लागले.

"काय रे, तुझो दिवो पेटतलो, की आमी वल्ही मारीतच जावचा?" एकानं विचारलं.

"तो घाटावरचो," दुसरा म्हणाला. "तेका दर्यो लागता अजून. तार काय कळतली?"

सगळे हसले. मीही हसलो. तारेचे सांधे पुन्हा आवळले, मीटर लावलं. तार ठणठणीत. बाहेर गेलो, आत आलो, परत बाहेर. डोक्यात एकच: उद्या इथं दुसरा माणूस उभा असणार, आणि मी परभणीच्या गाडीत.

वाळूवर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, नुकतीच ओढून झाली होती. जाळ्यावरचे म्होरके, ज्यांना सगळे आबा म्हणतात, बांगड्यांचे वाटे घालत होते.

"येरझारो घालतंस कित्याक? बस हय."

बसलो. ओढणाऱ्यांचे वाटे पडायच्या आधीच त्यांनी दोन ढीग बाजूला सारले.

"हे कुणाचे, आबा?"

"एक जाळ्याचो, एक होडयेचो."

"होडी काय मासे खाते?"

"खाता तर! तिका तेल कोण लावतलो, तुझो साहेब? टोपलेत इला तेवढाच दर्यान दिल्यान, असा धरलंस तर फसतलंस."

मी ढिगांकडं बघतच राहिलो. पडद्यावरचे सात म्हणजे टोपलीत आलेले. फाईल तारेवरून गठ्ठ्यागठ्ठ्यांनी जाते; प्रत्येक गठ्ठ्यावर पत्ता असतो, तपासणीचा आकडा असतो, तेही त्याच तारेवरून जातं. लाईनीनं आपला वाटा आधीच काढून घेतलेला असणार. म्हणजे खरा वेग छप्पन्नाच्या वर. यादीत त्याच्या पुढचा आकडा चौसष्ट, म्हणजे आठ किलोबाइट; त्यातले सात हाती लागले तर नवल नाही.

आधी चौसष्ट लावून बघावं आणि मग बोलावं, असं मनात आलं. पण चुकीचं छप्पन्न मी सांगून बसलो होतो, ते आधी निस्तरायला हवं. फोन लावला.

"साहेब, मघाचं छप्पन्न चुकलं."

"कशावरून?"

जमेल तसं सांगितलं. होडीचा वाटाही सांगितला.

"अरे, मी छप्पन्न कंत्राटदाराला कळवूनसुद्धा टाकलं. लाव चौसष्ट. फोन ठेवू नको."

दिवा बराच वेळ मिचमिचत राहिला. मग हिरवा झाला.

"लागला?"

"लागला, साहेब."

"बरं. आकडा माझ्याकडून चुकला, असं सांगतो कंत्राटदाराला."

नको, असं म्हणायचं होतं, तोवर फोन बंद झाला. बाहेर पंप घरघरू लागला, ताई एकेक नंबर पुकारू लागल्या, आणि मी मोबाईल हातात धरून तसाच उभा. चूक माझी होती असंच सांगा, हे म्हणायला साहेबांना परत फोन लावावा की लावू नये, काही केल्या ठरेना.