लीलेच्या वाट्याचा कागद

मालवणजवळच्या एका देवस्थानच्या गावात हरिश्चंद्र गावकर नावाचे शिक्षक होते; गाव त्यांना भाई म्हणे. ग्रामदेवतेपुढे सर्वांच्या वतीने गाऱ्हाणे घालण्याचा मान त्यांच्या घराण्याकडे होता. एकाने बोलावे आणि इतरांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा द्यावा, अशी ती रीत. भाई बोलू लागले की आपले दुःख यथार्थ शब्दांत देवापर्यंत पोहोचले, असे प्रत्येकाला वाटे. दुसऱ्याच्या वेदनेला वाणी देणे हा त्यांचा स्वभावच झाला होता.

सन शहाऐंशीत त्यांची तेरा वर्षांची मुलगी लीला विहिरीवर तासन्‌तास हात धूत बसू लागली. कातडी सोलवटली तरी ती थांबेना, शाळाही सुटली. भाईंनी लोकांत त्वचेचा विकार सांगितला. तालुक्याच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा घाटावरून मनोविकारांचे डॉक्टर येत. तिथे मुलीला नेताना ते मधल्या थांब्यावर उतरत आणि उरलेली वाट आडरस्त्याने चालत. आपल्या या लपण्याची त्यांना लाज वाटे, पण लपणे सुटत नसे.

डॉक्टर सहृदय होते. प्रश्न लीलेला विचारत; उत्तर मात्र भाई देत, सविस्तर आणि अलंकृत. लीला नखांकडे पाहत राही.

सहाव्या खेपेस तिथल्या समाजसेविका सुनीतीबाईंनी दोन कागद दिले, एक पालकाचा, एक मुलीचा. उपचारांनी समाधान आहे काय, मनातले मोकळेपणी सांगता येते काय, काही उणे वाटते काय, असे साधे प्रश्न होते. भाईंनी आपला कागद भरला आणि त्याच ओघात लीलेचाही भरला. सर्वत्र ‘पूर्ण समाधान’. शेवटी ‘उणे काहीच नाही, आम्ही कृतज्ञ आहोत.’ उपकारकर्त्याकडे न्यून दाखवणे त्यांना असभ्य वाटे.

सुनीतीबाईंनी दोन्ही कागद शेजारी धरले. “भाई, अक्षर तुमचंच दोन्हीकडे?”

“मुलगी लहान आहे,” भाई म्हणाले. “तिच्या मनातलंच लिहिलंय मी.”

तेव्हा लीला मान वर न करता म्हणाली, “ऱ्हवांदे ओ बाई. माझां दुखणां माझ्यापरास बाबांकाच जास्त ठावक आसा.”

पाळीची वाट पाहत बाकावर बसलेली दोन माणसे हसली. भाईंच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखे झाले. त्यांना सहा महिने आठवले. लीलेला काय होते, हे त्यांनी डॉक्टरांना पुष्कळ सांगितले होते. तुला काय होते गो, असे लीलेला एकदाही विचारले नव्हते.

सुनीतीबाईंनी लीलेला कोरा कागद दिला. तिने एकच ओळ लिहिली आणि तो सरळ वडिलांपुढे धरला: ‘डॉक्टर बरे आहेत, पण बाबा आत असले तर मी पुढच्या महिन्यापासून येणार नाही.’

आतून लीलेच्या नावाचा पुकारा झाला. भाई सवयीने उठले आणि पुन्हा बसले. लीला एकटी आत गेली, दार लागले.

आतून आधी काहीच ऐकू येईना. मग तिचा आवाज आला, अडखळत, पुढे सलग. शब्द कळत नव्हते. भाईंनी ते कळून घेण्याचा यत्नही केला नाही. आपली मुलगी इतका वेळ बोलू शकते, हे त्यांना आज समजत होते. समोरच्या माणसांकडे पाहण्याचे धैर्य नव्हते, म्हणून मान खाली घालून ते तो आवाज ऐकत राहिले.