गोचिडावाचून गोचीड सप्ताह

रोगाशी लढायचं तर आधी समाज जागा व्हावा लागतो. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या गावाबाहेरच्या चारा छावणीत, लाउडस्पीकरवरून. जिल्हा नवा होता, दुष्काळ जुना. लातूरला कचेऱ्या आल्या होत्या आणि त्यांना उद्घाटनं कमी पडत होती.

छावणीत जनावरं दाटीनं बांधलेली, म्हणजे गोचिडांची चंगळ. म्हणून गोचीड निर्मूलन सप्ताह ठरला आणि प्रात्यक्षिकासाठी माझ्या चुलत्यांची गाय. निरोप आला, पाहुण्यांसमोर गाय स्वच्छ दिसली पाहिजे. काकूनं सकाळभर बसून तिच्या कानातले, कासेजवळचे गोचीड हातानं उपटले आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे अंगठ्याच्या नखांवर चिरडले. शिंगंही रंगवली. पाहुणे आले नाहीत. कार्यक्रम पुढे गेला, गोचीड पुन्हा चढले, काकू पुन्हा बसली. दोन-तीनदा असं झालं आणि काकू तापानं पडली. अंग ठणकत होतं, तळहातांवर तांबडे ठिपके. "उन्हाचं हाय," म्हणाली.

अखेर पाहुणे आले. त्या सकाळीही काकू तापातच उठून गायीचे गोचीड काढून आली होती. त्यांच्यातले लातूरच्या दवाखान्याचे डॉक्टर माइकवर सांगू लागले, गोचीड चावला किंवा हातात फुटला तर ताप येतो, तळहातावर पुरळ उठतं, हयगय केली तर माणूस दगावतो. उपाय ते पुढच्या भाषणात सांगणार होते. चुलते उठून उभेच राहिले.

"साहेब, हे समदं माझ्या घरी हाय की! जरा चला."

"प्रश्न शेवटी, काका," सूत्रसंचालक म्हणाला. "बसून घ्या."

"प्रश्न न्हाई हो, बायको हाय!"

मंडप हसला. त्या हशाबद्दल मी त्या मंडपाला अजून माफ केलेलं नाही.

मग हार, श्रीफळं, आभार, आभारांचे आभार. प्रात्यक्षिकात डॉक्टरांनी गायीचे कान उलटून पाहिले, शेपटी उचलली. एकही गोचीड सापडला नाही. पाहुण्यांनी हे सप्ताहाचं यश म्हणून जाहीर केलं. टाळ्या चालू असतानाच चुलत्यांनी डॉक्टरांचा दंड धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही.

काकूचे तळहात पाहिल्यावर डॉक्टर लगेच उठले. काकूला त्यांच्याच जीपमधून लातूरच्या दवाखान्यात नेलं. गोळ्या सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत ताप उतरला. गोचीड चिरडू नये, चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढावा, मग हात साबणानं धुवावेत, एवढं डॉक्टरांनी तिला खाटेजवळ सांगितलं. समोरचा चहा निवायच्या आत सांगून झालं.